पंपाच्या खोलीची खिडकी

"खिडकी झाकली," दादा व्हरांड्यातल्या खुर्चीवरून म्हणाला, आणि आत चहा गाळणाऱ्या वहिनींच्या हातातली गाळणी तिथल्या तिथे थांबली.

या घरात हे दोन शब्द म्हणजे हुकूमच. व्हरांड्यासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे कपाशीचा वरचा तुकडा, आणि त्याच्याही पलीकडे बांधावर पंपाची खोली. बांधापलीकडे उतारावर खालचा तुकडा. वडिलांनी कधीकाळी ठरवून ठेवलं होतं की व्हरांड्यात बसल्यावर त्या खोलीची खिडकी दिसेनाशी झाली, म्हणजे कपाशी माजायला लागली. मग तिला लगाम घालायचा. लगाम म्हणजे वाढ रोखणारं औषध. त्याचं डब्यावरचं लांबलचक नाव या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. फवारलं की झाड उंच जायचं थांबतं, पेरं आखूड पडतात आणि पानांच्या थाटामाटात जाणारी ताकद बोंडांकडे वळते. त्याच आठवड्यात युरियाचा शेवटचा हप्ताही द्यायचा. वडील गेले, पण त्यांची खिडकी राहिली. शेजारीपाजारी लोक मातीत हात घालून बघत, झाड मोजून बघत. हे आपले खुर्चीत बसून खिडकी बघणार! पण इतकी वर्षं ते खपलं होतं, कारण इतकी वर्षं पाणी होतं.

"पंच, ऐकलंस का? धाकट्याला फोन कर. औषध आणि युरिया घेऊन ये म्हणावं. दुपारपर्यंत फवारणी उरकायची."

"करतो," पंच म्हणाला.

तो तिघा भावांतला मधला. लहानपणी गोट्यांच्या भांडणात निवाडे करायचा, तेव्हापासून त्याला सगळे पंच म्हणत. नाव मोठं होतं, पण निवाडा म्हणजे तरी काय, तर याचं थोडं ऐकायचं, त्याचं थोडं ऐकायचं आणि दोघांनाही वाटू द्यायचं की आपलंच खरं झालं. त्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. शेतातल्या कामानं माणूस दमतो आणि झोपला की ताजा होतो. पंचचा थकवा झोपेनं जाणारा नव्हता. फोन लावता लावता त्याला वाटलं, आत्ता या क्षणी कुणीतरी आपल्याला परगावी पाठवावं, कुठल्याही कामाला, अगदी कुणाच्या मयतालासुद्धा.

फोन करून तो स्वयंपाकघरात गेला. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. पंचची बायको दवाखान्यात नर्स होती. ती रात्रपाळी करून नुकतीच आली होती आणि पायातले मोजे काढत बसली होती.

"आता हो काय करायचं, भावजी?" वहिनी कुजबुजल्या. "माझ्यामुळे झालं सगळं."

"एकट्या तुमच्यामुळे नाही. मीही होतोच की."

झालं होतं ते असं. ट्रॉलीवरून पडून दादाच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवेना, बोलेना. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला सुखानं बसू दिलं नाही, तो असा मुकाट पडलेला बघून घर हादरून गेलं. एके दिवशी पंचनं त्याला कसाबसा धरून व्हरांड्यात आणून बसवलं. समोरची कपाशी बघून दादा म्हणाला, "बरी दिसतेय की!" आणि त्या दिवशी तो पोटभर जेवला. वहिनींनी ते पक्कं धरून ठेवलं. पुढे पाऊस दगा देत गेला, बोअर धापा टाकायला लागलं, तेव्हा दादा आत गेला की त्या रोज संध्याकाळी न्हाणीघरातलं आणि धुण्याभांड्याचं पाणी पाइपानं रस्त्याकडच्या ओळींना सोडू लागल्या. पंचला ते दिसलं. अडवायचं सोडून त्यानं तिथे मूठ मूठ युरिया टाकला. पाणीही मिळालं, खतही मिळालं, मग काय विचारता! पुढच्या ओळी अशा फोफावल्या की त्यांच्या आड बाकीचं शेत दिसेनासं झालं. दादा रोज ते हिरवं बघायचा आणि रोज दोन घास जास्त खायचा.

आणि आत, त्या ओळींच्या मागे, कपाशी तहानेनं वाढ सोडून बसली होती.

"त्यांना सांगायचं तरी कसं?" वहिनी म्हणाल्या. "परत भिंतीकडे तोंड करून झोपले तर? डॉक्टरांनी सांगितलंय, मनाला लावून घेऊ देऊ नका."

"डॉक्टरांनी सांगितलंय, पडू देऊ नका," नर्स मोजे गुंडाळत म्हणाली. "मनाचं तुम्हीच जोडलंत त्याला."

"तूच तर म्हणाली होतीस, जपा म्हणून!"

"म्हणाले होते ना. तेव्हा ते उठून बसत नव्हते. आता काठीवर संडासला जातात, माझ्यावर ओरडतात. जपायचं ते किती दिवस?"

वहिनींनी पदरानं डोळे टिपले. पंचनं बायकोकडे बघून नुसती मान हलवली, आत्ता नको, अशा अर्थानं. तिनंही त्याला तशीच मान हलवून दाखवली, मग कधी, अशा अर्थानं.

धाकटा गाडी घेऊन आला तो शीळ घालतच. त्याचं शहरात बी-बियाणं, खतं-औषधांचं दुकान होतं. महिन्या-दोन महिन्यांनी तो यायचा, व्हरांड्यात दादाशेजारी बसून चहा प्यायचा, समोरच्या हिरव्यागार ओळी बघून शेताची तारीफ करायचा आणि जायचा. शेतात पाय घालण्याचे बूट त्याच्याकडे नव्हते.

"काय माजलीय हो दादा!" तो गाडीतून डबे उतरवत म्हणाला. "तालेवार पीक आहे. सगळीकडे रडारड चाललीय, आणि इथे बघा."

"हात बघ कुणाचा आहे," दादा म्हणाला. पडल्यापासून पहिल्यांदाच त्यानं दाढी केली होती. "औषध मी मोजणार. खुर्ची फवारणीच्या टाकीजवळ न्या."

हीही या घरातली एक रीत. औषध थोरल्यानं मोजायचं. वडील असताना ते मोजत, मग दादा. पंच आयुष्यभर ट्रॅक्टर चालवत आला, पण मापाला त्याचा हात कधी लागला नव्हता.

"आधी जरा आत चक्कर मारून येतो," पंच धाकट्याचं मनगट धरत म्हणाला. "चल रे."

"अरे, माझे बूट..."

"खराब होऊ देत."

पुढच्या ओळी बाजूला सारून ते आत शिरले आणि धाकट्याची शीळ बंद पडली. झाडं गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबली होती. पानं उन्हात मलूल लोंबत होती. जमिनीला अशा भेगा पडल्या होत्या की बूट अडकावा. बुडाशी गळलेली पाती पसरली होती, म्हणजे ज्यांचं फूल व्हायचं त्या कळ्याच.

"हे काय आहे?" धाकट्यानं विचारलं.

"हे शेत आहे. तू बघतोस तो पडदा."

पंचनं एक झाड हातात घेतलं. "हे बघ, वरची पेरं किती जवळ जवळ आलीत. आणि पांढरं फूल कुठे आहे? थेट शेंड्याशी. झाडाला वर चढायला जागाच उरली नाही. वाढ केव्हाच संपली याची. तू लगाम कुणाला घालतोस? पळणाऱ्याला ना? हे तर बसलंय."

धाकटा दुकानदार असला तरी मूर्ख नव्हता. त्यानं खाली वाकून माती उकरली. ती ढेकळासारखी हातात आली. "आणि यात युरिया टाकायचा म्हणतोय दादा."

"कोरड्या मातीत तो तसाच पडून राहील. उद्या उशिरा पाऊस आला की झाड सगळंच्या सगळं ओढून घेईल आणि पानांनी माजेल. मग बोंडं कधी धरणार आणि कधी फुटणार?"

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं म्हणजे दादाला कळलंच."

धाकट्याला ते लागलं, पण खोटं म्हणता येईना. त्यानं हातातलं ढेकूळ फेकून दिलं. मग त्याचे डोळे चमकले आणि पंचला वाटलं, आता हा काहीतरी सांगणार आणि ते ऐकावंसं मला वाटणार.

"एक काम कर. टाकीत नुसतं पाणी भर. ट्रॅक्टर फिरव शेतातून. दादाला फवारणी झाल्याचं समाधान, पिकाला त्रास नाही. युरियाच्या गोण्या मी परत गाडीत टाकतो, टाकला म्हणून सांगू."

हे खरोखर पंचला आवडलं. आवडलं म्हणजे इतकं, की त्याला क्षणभर पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. कुणाला काही सांगायला नको, कुणी रडायला नको. परत येऊन त्यांनी स्वयंपाकघरात हे सांगितलं तर वहिनींनी देवालाच हात जोडले.

नर्स मात्र ताडकन उठली. "शाबास! बोअरला पाणी नाही, झाडं घोटभर पाण्यासाठी जीव टाकतायत, आणि तुम्ही आहे ते पाणी हवेत उडवून नाटक करणार? कुठून सुचतं तुम्हाला?"

"एकदाच ग," धाकटा म्हणाला. "नर्सवहिनी, एकदाच."

"पंपाचा आवाज कमी येतो म्हणून त्यांनी विचारलं, तर वीज नसते म्हणून सांगितलंत. तेही एकदाच होतं. पुढच्या ओळींना पाणी, तेही एकदाच होतं. त्यांना माणसातून उठवायला एवढी एकदाच पुरेत." ती पंचकडे वळली. "आणि तू. तुझं काय मत आहे?"

पंचनं सवयीनं सगळ्यांकडे बघितलं. वहिनींचं थोडं, बायकोचं थोडं, धाकट्याचं थोडं असं काही जमतंय का ते तो शोधत होता. ते जमत नव्हतं.

"मी टाकी भरतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला. कशाची टाकी, ते त्यानं सांगितलं नाही, कारण त्यालाच ठाऊक नव्हतं.

टाकीत पाणी भरून तो पाइप गुंडाळून ठेवायला गेला, आणि परत येऊन बघतो तर दादा खुर्चीतून उठून, काठी टेकत टेकत, एकटाच ट्रॅक्टरपाशी पोहोचलेला. औषधाच्या डब्याचं सील त्यानं फोडलं होतं. मापाचा पेला एका हातात, डबा दुसऱ्या हातात. काठी टाकीला टेकवलेली. चेहरा उजळला होता. हा माणूस कितीतरी दिवसांनी स्वतःच्या कामाला लागला होता.

"ये, ये. टाकी भरलेली दिसतेय. तू तयारीचाच आहेस," दादा म्हणाला. पेल्यातलं औषध त्यानं उजेडात धरून बघितलं, डोळा बारीक करून, वडील बघायचे तसं. मग टाकीच्या तोंडाकडे हात नेला.

वहिनी, नर्स आणि धाकटा दारात येऊन थबकले. धाकटा डोळ्यांनी खुणावत होता, असू दे, ओतू दे, मग टाकी पलटी करू. तेही जमलं असतं. या घरात काहीही जमलं असतं.

"दादा, ओतू नकोस," पंच म्हणाला.

"का? माप चुकलं?"

"माप बरोबर आहे. शेत चुकलंय."

"म्हणजे?"

"आत पीक नाही उभं, दादा. पुढच्या ओळी तेवढ्या आहेत. त्यांना आम्ही पाणी घालतो, तुला दिसावं म्हणून. आतली कपाशी तहानेनं बसलीय. हे औषध मारलंस तर ती पुन्हा उठायची नाही."

बोलून झाल्यावर पंचला आपल्याच आवाजाची भीती वाटली. दादानं पेला खाली घेतला. त्यातलं थोडं औषध त्याच्या बोटांवर सांडलं. नर्स पुढे झाली, तिनं त्याचा हात धरून बादलीतल्या पाण्यानं धुतला आणि पेला काढून घेतला. तो लहान मुलासारखा तिला हात धुऊ देत होता.

"मला आत न्या," दादा म्हणाला.

"अहो, ढेकळं आहेत, पाय..." वहिनी म्हणाल्या.

"खुर्चीसकट न्या."

मग दोघा भावांनी ती खुर्ची उचलली. एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला धाकटा. धाकट्याचे बूट भेगांत अडकत होते आणि तो शिव्या गिळत होता. पुढच्या ओळींची पानं दादाच्या तोंडावर आपटली, आणि मग एकदम उघडं झालं. तिथे त्यांनी खुर्ची ठेवली.

दादानं इकडेतिकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाकून एका झाडाच्या शेंड्याला हात लावला, ते पांढरं फूल बोटांत धरलं आणि सोडून दिलं. मागे वळून त्यानं पुढच्या ओळींची पाठ बघितली. इकडून त्या भलत्याच केविलवाण्या दिसत होत्या. त्यांच्यापलीकडे घराचं छप्पर तेवढं दिसत होतं.

"पाणी कोण घालायचं?"

"मी," वहिनी मागून म्हणाल्या. त्या रडत होत्या. "तुम्ही जेवत नव्हता हो."

"म्हणून मला चित्र दाखवत होता?" दादाचा आवाज चढला. "मी इथे सकाळ-संध्याकाळ बसून तुम्हाला सांगतोय, हे करा, ते करा. तुम्ही आत जाऊन हसत असाल."

"कुणी हसलं नाही, दादा," पंच म्हणाला.

"हसला असतात तर बरं झालं असतं!" तो ओरडला, आणि मग ओरडण्याइतकाही दम राहिला नाही तसा खुर्चीत मागे टेकला. "वेडा झालो असतो म्हातारपणी, तर असंच वागला असतात माझ्याशी. अजून झालो नाही रे."

धाकट्यानं खाली बघून बूट झटकले.

"बरं," दादा जरा वेळानं म्हणाला. "बोअरला किती पाणी आहे?"

"एका तुकड्याला पुरेल. वरच्या किंवा खालच्या. दोन्हींना दिलं तर दोन्ही जातील."

"मग काय करायचं?"

पंचनं वहिनींकडे बघितलं. मग धाकट्याकडे.

"त्यांच्याकडे काय बघतोस? तुला विचारतोय मी. रोज आत तू येतोस. सांग."

असं या घरात त्याला कुणी विचारलं नव्हतं. खालच्या तुकड्याची माती खोल होती, तिथे झाडांनी अजून पाती धरून ठेवली होती. उत्तर त्याला कधीपासून माहीत होतं. पण वरचा तुकडा म्हणजे घरासमोरचा, दादाच्या खुर्चीसमोरचा.

"लगाम कुठेच घालायचा नाही," तो म्हणाला. "पाणी खालच्या तुकड्याला द्यायचं. युरिया आत्ता नाही. पाणी दिल्यावर तिथलं झाड शेंडा हलवतं का, वाढीला लागतं का, ते बघू. हलवला तर थोडासा, नाहीतर गोण्या परत."

"आणि वरचा?"

"वरचा सोडायचा." मग त्याला पुढचंही बोलावं लागलं. "आणि न्हाणीघराचं पाणीही इथे नाही घालायचं. चर काढून खाली नेता येईल तेवढं नेऊ."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. धाकटा घाईघाईनं म्हणाला, "मग दादाची खुर्ची आपण मागच्या दाराला ठेवू. तिकडे सावली असते, वाराही लागतो. इकडे वाळत जाणारं बघत कशाला बसायचं?"

"खुर्ची आहे तिथेच राहील," दादा म्हणाला. "चला, उचला आता. उन्हात पीक वाळतंय, माणूस तरी वाळवू नका."

घरी आल्यावर तो जेवला नाही. संध्याकाळीही जेवला नाही. वहिनी दोनदा ताट घेऊन गेल्या आणि परत आल्या. पंच अंगणात उभा राहून ते बघत होता आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा काठी टेकत आपला आपण व्हरांड्यात आला, खुर्चीत बसला आणि चहा का आला नाही म्हणून ओरडला. नर्सनं पंचला कोपरानं ढोसलं आणि ती कामाला निघून गेली.

खालच्या तुकड्याला पाणी सुरू झालं. धाकटा गोण्या घेऊन गेला, पण पुढच्या खेपेला रबरी बूट विकत घेऊन आला आणि पंचबरोबर शेवटच्या ओळीपर्यंत गेला. चर वहिनींनी स्वतः खणला. संध्याकाळी त्या पाइप हातात घ्यायच्या, समोरच्या ओळींकडे बघायच्या आणि मग पाण्याचं तोंड चराकडे वळवायच्या. त्या तेवढं करीपर्यंत दादा दुसरीकडे बघायचा.

समोरच्या ओळी आधी मलूल झाल्या, मग खालून पिवळ्या पडत गेल्या. एरवी खुर्चीत बसून हुकूम सोडणारा दादा आता पंच शेतातून आला की विचारायचा, "खाली काय म्हणतंय?" पंच सांगायचा, आणि सांगताना काही झाकायचा नाही. काही दिवशी सांगण्यासारखं चांगलं काही नसायचं. तरी दादा पूर्ण ऐकून घ्यायचा.

एका सकाळी पंच दाराशी हातपाय धूत होता.

"पंच," दादानं हाक मारली. "इकडे ये जरा."

पंच ओल्या हातांनीच व्हरांड्यात आला. दादानं काठी उचलून समोर दाखवली. पानं गळून गेलेल्या काटक्यांच्या फटीतून, बांधावर, पंपाच्या खोलीची भिंत दिसत होती.

"खिडकी दिसायला लागली," दादा म्हणाला.

पूर्वीचा पंच असता तर म्हणाला असता, छे, तुला भास होतोय, ऊन आहे, आत चल. तो खुर्चीशेजारी खाली बसला, दादाच्या नजरेच्या उंचीवर डोकं आणलं आणि नीट बघितलं.

"हो दादा," तो म्हणाला. "पूर्ण दिसते."